नाटकाचं तीन कॅमेऱ्यांनी चित्रीकरण : डिमर, एलईडी आणि काळे पडदे

हौशी_रंगकर्मी (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या हौशी संस्थेच्या दोन अंकी नाटकाचा पुढच्या महिन्यात प्रयोग आहे आणि तो नीट चित्रित करून ठेवायचा आहे. यूट्यूबवर टाकणार नाही, लेखकाची परवानगी फक्त संस्थेच्या संग्रहापुरती आहे.

तालुक्याच्या गावचं नाट्यगृह. रंगमंच साधारण तीस फुटी, मागे काळे पडदे, दुसऱ्या अंकात पांढरा सायक्लोरामा (मागचा मोठा सपाट पडदा). लाइट्समध्ये जुने हॅलोजन (डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) आणि भाड्याने आणलेले एलईडी पार (झोताचे दिवे). कॅमेरे तीन, तिन्ही मागून आणलेले आणि तिन्ही वेगळ्या कंपन्यांचे, पुढे त्यांच्या लेन्स:

सोनी ए७ थ्री + ७०-२०० एफ २.८
पॅनासॉनिक जीएच५ + १२-३५ एफ २.८
कॅनॉन २००डी + सोबत आलेली १८-५५

आवाजासाठी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून रेकॉर्डरवर लाइन मिळेल.

याआधीच्या नाटकाचं शूटिंग बाहेरच्या एका माणसाला दिलं होतं. चेहरे पांढरेफटक, काळे पडदे करडे, आणि कट झाला की नायिकेची अबोली साडी कधी गुलाबी तर कधी केशरी. निळ्या प्रकाशातल्या प्रवेशात तर माणसांच्या जागी निळे डाग. या वेळी ते टाळायचंय. बजेट विचारू नका, चहा-वडापावचं आहे.

---

एफ_दोन_आठ

पडदे करडे आणि चेहरे पांढरे म्हणजे ऑटो एक्स्पोजर चालू होतं, दुसरं काही नाही. फ्रेमचा बहुतेक भाग काळा दिसला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, मग तो सगळंच उजळतो. साडीचं कारण ऑटो व्हाइट बॅलन्स. प्रत्येक कॅमेरा आपापल्या बुद्धीने रंग ठरवत होता आणि दर क्यूला (प्रकाश बदलायच्या ठरलेल्या जागेला) मत बदलत होता.

तेव्हा पहिलं काम, तिन्हींमध्ये ऑटो नावाचं जे जे असेल ते बंद. शटर (एक फ्रेम किती वेळ उजेड घेते), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं), व्हाइट बॅलन्स आणि फोकससुद्धा. ब्लॅकआउट झाला की ऑटोफोकस चाचपडायला लागतो आणि लाइट आल्यावर पहिले दोन संवाद धूसर जातात. जीएच५ चा ऑटोफोकस तर व्हिडिओत उजेड असतानाही पुढेमागे श्वास घेत बसतो.

व्हिडिओ सिस्टिम तिन्हींत पाल (आपल्याकडची पद्धत), सेकंदाला २५ फ्रेम्स, शटर १/५०. कॅनॉनवर हे तपासाच, बरेच जण एनटीएससीवर (अमेरिकी पद्धतीवर) ठेवून विसरतात.

---

पिक्सेलपंत

शटर १/५० च का? मी १/१२५ वर शूट करतो, हालचाल जास्त स्वच्छ येते.

---

एफ_दोन_आठ

@पिक्सेलपंत, उन्हात करा की. नाट्यगृहात नको. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिच्यावर थेट चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. शटर १/५० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन पूर्ण आवर्तनं बसतात, १/१०० ला एक. सगळ्या फ्रेम्सना सारखाच उजेड मिळतो. १/१२५ ला अपुरं, ०.८ आवर्तन येतं, ते कधी उजेडाच्या बाजूचं तर कधी अंधाराच्या. मग चित्रात पट्टे सरकतात किंवा चित्र धडधडतं.

जाड तारेचे हॅलोजन यात सभ्य असतात, तार इतक्या लवकर थंड होत नाही. त्रास जुन्या चोकच्या ट्यूबलाइट्सचा आणि स्वस्त एलईडींचा. एलईडी पार मंद करतात म्हणजे त्याला भराभर चालू-बंद करतात. जितका मंद, तितका बंद राहण्याचा वेळ जास्त. शटर लांब ठेवलं तर ही उघडझाप सरासरीत विरून जाते.

---

न्यूजर्सीची_मावशी

इकडच्या मंडळींसाठी पुरवणी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, म्हणून मंडळाच्या कार्यक्रमात शटर १/६० किंवा १/१२० ठेवावं लागतं. भारतातून आणलेला कॅमेरा २५ फ्रेम्सवर असला तरी चालतो, शटर मात्र १/६०. आमच्याकडे गणेशोत्सवातल्या एकांकिका शाळेच्या सभागृहात होतात, तिथे छतावरच्या ट्यूब बंद करायला रखवालदार शोधावा लागतो ही वेगळी कथा.

---

डिमरवाले_काका

मी कॅमेरावाला नाही, लाइटवाला आहे. हौशी आणि व्यावसायिक दोन्ही रंगभूमीवर डिमर ओढले आहेत. कॅमेरावाले प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या घंटेच्या आधी उगवतात आणि मग "काका, जरा लाइट वाढवा ना" म्हणतात. तोवर क्यू बसलेले असतात, नटांना त्या प्रकाशाची सवय झालेली असते. वाढवणार कुठून? म्हणून माझं पहिलं सांगणं: रंगीत तालमीला या, तिन्ही कॅमेरे घेऊन, प्रयोगात जिथे उभे राहणार तिथेच लावा. ऑपरेटरकडून क्यू शीटची एक प्रत घ्या. कुठल्या वाक्याला फेड आउट, कुठे एकट्या स्पॉटवर जातंय, निळं कुठे येतंय हे तिच्यात सगळं लिहिलेलं असतं.

आता रंगाचं. हॅलोजन पूर्ण असला की ३२०० केल्विनच्या (प्रकाश किती पिवळा की निळा याचं माप) आसपास असतो. डिमर अर्ध्यावर आणला की पिवळा होतो, आणखी खाली आणला की नारिंगी. प्रेक्षकाच्या डोळ्याला ते बोचत नाही, उलट संध्याकाळ झाल्यासारखं छान वाटतं. बहुतेक प्रकाशयोजनाकार हा पिवळेपणा मुद्दाम वापरतात. तेव्हा तुम्ही कॅमेरा ३२०० वर ठेवा आणि हात मागे बांधा. संध्याकाळच्या प्रवेशात चेहरे पिवळे दिसले तर दिसू द्या, तसेच दिसायला हवेत. एका माणसाने प्रत्येक प्रवेशाला व्हाइट बॅलन्स बदललेलं रेकॉर्डिंग मी पाहिलंय. पहाट, दुपार, कंदिलाचा उजेड, सगळं एकजात पांढरं. दोन महिने जिलेटिनचे रंगीत कागद निवडण्यात घालवलेल्या माणसाला ते दाखवू नका.

खरा घोळ एलईडीचा. भाड्याचे पार येतात त्यांचा 'व्हाइट' निळसर पांढरा असतो, तो हॅलोजनशेजारी लावला की नटाचा एक गाल पिवळा आणि दुसरा निळा. आणि काही पारमध्ये पांढरा दिवाच नसतो, लाल-हिरवा-निळा मिळून पांढरं करतात. त्याच्याखाली कातडी मेल्यासारखी दिसते. जुळवायचं असं: रंगमंचाच्या मध्यावर मोठा पांढरा कागद धरा, अर्ध्यावर हॅलोजन, अर्ध्यावर एलईडी. मग एलईडीतला निळा उतरवत आणि पिवळा असेल तर तो चढवत न्या. पण हे जुळवताना कागदाकडे बघू नका, ३२०० वर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघा. एलईडीच्या प्रकाशात काही रंग भरपूर असतात, काही जवळजवळ नसतातच. डोळ्याला जुळलेले दिसणारे दोन पांढरे कॅमेऱ्याला जुळलेले दिसतीलच असं नाही. जुळले की ते आकडे बोर्डावर साठवून ठेवायला सांगा.

तेवढ्यावरही एलईडी ऐकत नसेल तर तो चेहऱ्यावरून काढा आणि सायक्लोरामावर टाका. चेहरे हॅलोजनने, पाठ एलईडीने. जुनी आणि बिनखर्चाची वाटणी.

आणखी एक. वीज घेताना डिमरच्या लाइनवरून घेऊ नका. तिथली वीज कापलेली असते, तुमचे चार्जर आणि अ‍ॅडॉप्टर जळतील. वेगळा पॉइंट मागा.

---

रंगमंचाबाहेरचा

काका, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

---

पिक्सेलपंत

तिन्हींत लॉग प्रोफाइल (फिकं, सपाट चित्र रेकॉर्ड करणारी सेटिंग) लावा की. सोनीवर एस-लॉग ३. नंतर रंग हवे तसे करता येतात, स्पॉटमधले उजळ भागही वाचतात.

---

स्कोपवाली

पंत, इथे मी असहमत. ए७ थ्री आत ८ बिटमध्येच, म्हणजे उजेडाच्या मोजक्या पायऱ्यांत रेकॉर्ड करतो. एस-लॉग ३ मध्ये तेवढ्याच मोजक्या पायऱ्यांत उजेडाचा खूप मोठा पल्ला कोंबला जातो, अंधाऱ्या भागाच्या वाट्याला फार थोड्या येतात. इथे अर्धी फ्रेम काळ्या पडद्याची आहे. रंग ताणायला घेतलेत की पडद्यावर गोंगाट (चित्रातले दाणे) आणि सायक्लोरामावर पट्टे. शिवाय कॅनॉनमध्ये लॉग नाहीच, म्हणजे दोन लॉग आणि एक साधा असं त्रांगडं होणार. सोनीवर सिने ४, जीएच५ वर सिनेलाइक डी, कॅनॉनवर न्यूट्रल ही चित्राची सेटिंग ठेवा, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस थोडे उतरवा. तिन्ही चित्रं सुरुवातीलाच एकमेकांच्या जवळ आली की पुढचं काम निम्मं.

रंग जुळवायला रंगीत तालमीत आणि प्रयोगाआधी पूर्ण जनरल लाइट (रंगमंचभरचा सारखा उजेड) लावून मध्यभागी कोणाला तरी करडं कार्ड घेऊन उभं करा. रंगांचे चौकोन असलेलं कार्ड मिळालं तर उत्तम. तिन्ही कॅमेरे एकाच वेळी, प्रयोगाच्याच सेटिंगवर, ते कार्ड आणि त्या माणसाचा चेहरा दहा-पंधरा सेकंद रेकॉर्ड करतील. संकलनात आधी जीएच५ चं चित्र पक्कं करायचं आणि बाकी दोन त्याच्याकडे ओढायची. रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत स्कोप (उजेड-रंगाचे आलेख) सगळे आहेत. गोंगाट कमी करायची सोय मात्र पैसे भरलेल्या आवृत्तीतच.

निळ्या प्रवेशाबद्दल सविस्तर लिहिते, कारण तिथे अनुभवी लोकही फसतात. एचडी व्हिडिओत उजेडाची पातळी काढताना तीन रंगांचं वजन सारखं नसतं. हिरव्याचं सुमारे ७२ टक्के, लालचं २१, निळ्याचं फक्त ७. एलईडीचा शुद्ध निळा रंगमंचभर पसरला की सेन्सरचा निळा चॅनल काठोकाठ भरून वाहतो, पण झेब्रा (फार उजळ भागावर दिसणारे पट्टे) आणि साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजेडाची पातळी बघतात, त्यांना चित्र अंधारं वाटतं. ऑपरेटर म्हणतो "डार्क आहे", आयएसओ वाढवतो आणि चेहऱ्याचे उरलेसुरले बारकावेही पुसले जातात. धागाकर्त्यांचे निळे डाग ते हेच. निळा चॅनल एकदा कापला गेला की नंतर काही परत येत नाही.

उपाय उलटा आहे. निळ्या क्यूला एक्स्पोजर वाढवायचं नाही, एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) उतरवायचं. आणि काकांना विनंती करून निळा थोडा कमी, त्यात चेहऱ्यापुरता मंद पांढरा हॅलोजन. रात्र रात्रच वाटते, पण नाक-डोळे दिसतात. तालमीत त्या क्यूचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून लॅपटॉपवर आरजीबी परेड (लाल, हिरव्या, निळ्याचे वेगवेगळे आलेख) बघा. निळी रेघ वरच्या काठाला चिकटून सपाट झाली असेल तर अजून उतरवा.

---

डिमरवाले_काका

विनंती कशाला, हक्काने सांगा. पण तालमीत.

---

हौशी_रंगकर्मी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, एवढं कुठे एकत्र वाचायला मिळालं नव्हतं. आता कुठला कॅमेरा कुठे ठेवू? सगळ्यात चांगला म्हणून सोनी मध्यभागी पूर्ण रंगमंचाला ठेवायचा विचार होता.

---

एफ_दोन_आठ

उलट करा. सोनी आणि कॅनॉन दोघेही अर्ध्या तासाच्या आत, २९ मिनिटांच्या पुढेमागे, रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात. तीस मिनिटांवर रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याची वेगळी जकात लागायची, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली आणि ती आपल्याही गळ्यात पडली. जीएच५ ला मर्यादा नाही. म्हणून पूर्ण रंगमंच जीएच५ वर, मधोमध, स्टँड घट्ट, अंक संपेपर्यंत हात लावायचा नाही. बाकी दोन्हींवर एकदम काही फसलं तरी नाटक हातात राहतं.

जीएच५ ४के वर (एचडीच्या चौपट बारकाव्याच्या चित्रावर) ठेवा आणि संकलन एचडीत करा. गरज पडली तर त्याच चित्रातून मध्यम शॉट कापून घेता येतो. पंधरा मीटरवरून २५ मिमीला साधारण दहा मीटर रुंदी येते, तीस फुटी रंगमंच आरामात बसेल. सेकंदाला १०० मेगाबिटने तासाला ४५ जीबी लागतात. सव्वादोन तासांचं नाटक १२८ च्या कार्डात मावेल, तरी दुसऱ्या स्लॉटमध्ये कार्ड ठेवाच.

सोनी त्याच्या शेजारी, क्लोजसाठी. २०० मिमीला पंधरा मीटरवर सुमारे २.७ मीटर रुंदीची फ्रेम येते, म्हणजे नट गुडघ्यापासून वर. पण एफ २.८ ला फोकसची खोली जेमतेम मीटरभर. नट दोन पावलं पुढे आला की गेला. एफ ४ ठेवा, आयएसओ एक स्टॉप वाढवा, हा कॅमेरा ते सहज सोसतो. इथे नाटक पाठ असलेला माणूस बसवा. उत्तम कॅमेरामनपेक्षा तालमीला रोज येणारा प्रॉम्प्टर बरा, पुढे कोण बोलणार हे त्याला माहीत असतं.

कॅनॉनची किट लेन्स ही तुमची सगळ्यात दुबळी कडी. झूम केलं की अ‍ॅपर्चर आपोआप ५.६ वर जातं आणि चित्र चालू शॉटमध्ये काळवंडतं. कोणाकडून तरी ५० मिमी एफ १.८ मागून आणा, बहुतेक कॅनॉनवाल्यांकडे ती असतेच. कॅमेरा बाजूच्या मार्गिकेत, रंगमंचापासून दहा मीटरवर, अ‍ॅपर्चर २.८. साडेचार मीटर रुंदीची तिरकी फ्रेम मिळेल, दोन पात्रांचे संवाद छान येतात. ५.६ च्या तुलनेत दोन स्टॉप वाचले, म्हणजे ३२०० च्या जागी आयएसओ ८०० वर काम होतं. केल्विनचा आकडा टाकता येत नसेल तर टंगस्टन प्रीसेट लावा, तोही ३२०० च्या आसपासच असतो.

---

पुढची_रांग

प्रेक्षक म्हणून बोलते. कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा उजेड कमी करा, रेकॉर्डिंगच्या लाल दिव्यावर काळी पट्टी लावा, आणि ऑपरेटरने कुजबुजत फोनवर सूचना देऊ नयेत. आम्ही तिकीट काढून येतो हो.

---

स्कोपवाली

+१. आणि बाल्कनी लाकडी असेल तर मुख्य कॅमेरा तिथे नको. कोणी चाललं की लांबच्या लेन्समध्ये भूकंप होतो.

---

रंगमंचाबाहेरचा

सिंकसाठी टाळी वगैरे वाजवायची गरज नाही. तिसरी घंटा तिन्ही कॅमेऱ्यांत आणि रेकॉर्डरमध्ये येतेच, तिच्यावर जुळवा. मध्यंतरानंतरही घंटा होते, दुसऱ्या अंकाचंही काम झालं.

---

एफ_दोन_आठ

कल्पना आवडली, पण घंटा ढोबळ जुळणीपुरती. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. रंगमंचावरचा शब्द पंधरा मीटरवरच्या कॅमेऱ्याला ४४ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि २५ च्या हिशेबात एक फ्रेम असते ४० मिलिसेकंदांची. मिक्सरची लाइन मात्र लगेच येते. शिवाय घंटेचा स्पीकर कुठे आहे त्यावर वेगळाच फरक पडतो. घंटेवर जुळवून झालं की क्लोजमधले ओठ बघून एखादी फ्रेम पुढेमागे सरकवा. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, आणि कॅमेऱ्यांचे स्वतःचे माइक बंद करू नका, जुळवायला तेच लागतात.

---

हौशी_रंगकर्मी (धागाकर्ता)

काल रंगीत तालीम झाली, तिन्ही कॅमेरे लावले होते. आमचे लाइटवाले आधी जरा नाराज होते, पण कागदाचा प्रयोग त्यांनाच इतका आवडला की त्यांनी सगळे पार त्या पद्धतीने जुळवले. साडी आता तिन्हींत अबोली आहे! निळ्या क्यूला पहिल्या चाचणीत परेड खरोखर वर चिकटली होती. निळा उतरवला, पुढच्या दोन हॅलोजनवर थोडा जीव ठेवला, एक्स्पोजर एक स्टॉप खाली.

दोन अडचणी उरल्यात. एक, शेवटच्या प्रवेशात नायकाचं पांढरं धोतर स्पॉटमध्ये पार जळतं. चेहऱ्याप्रमाणे ठेवलं तर धोतर जातं, धोतर वाचवलं तर चेहरा काळा. दोन, सोनी आणि कॅनॉन एकाच वेळी बंद पडायला नकोत, त्याचं वेळापत्रक कसं करायचं?

---

स्कोपवाली

चेहऱ्याला धरून चाला. गव्हाळ चेहऱ्याचा उजेडातला भाग ५५-६० टक्क्यांवर (पूर्ण पांढरं म्हणजे १००) ठेवा, धोतर ९५ च्या घरात गेलं तरी चालेल. सोनी आणि पॅनासॉनिकला झेब्रा लावून बघता येईल. त्यापुढे उपाय कॅमेऱ्यात नाही, कपड्यात आहे. धोतर चहाच्या फिक्या पाण्यात बुडवून वाळवा. नाटकवाले हे पूर्वीपासून करत आले आहेत, प्रेक्षकांतून ते पांढरंच दिसतं.

---

डिमरवाले_काका

चहाचं बरोबर. आणि स्पॉटचा खालचा भाग कापायला सांगा, दिव्याला झडपा असतील तर त्यांनी, नसतील तर काळ्या पत्र्याने. उजेड छातीपर्यंत पुरे.

---

एफ_दोन_आठ

वेळापत्रक क्यू शीटवरच आखा. कॅनॉनवाल्याने आपणहून पंधराव्या-विसाव्या मिनिटाच्या जवळचा ब्लॅकआउट पकडून बंद-चालू करायचं, सोनीवाल्याने त्यानंतरचा. दोघांच्या शीटवर वेगळ्या रंगाच्या पेनने खुणा करा. ब्लॅकआउट लांब असला तरी त्यात ज्याची खूण आहे त्यानेच रेकॉर्डिंग थांबवायचं, दुसऱ्याने नाही, असा साधा नियम. दर वेळी रेकॉर्डिंगचा ठिपका परत आला का ते बघूनच नजर वर करायची. आणि मध्यंतरात दोघांनी बॅटरी बदलायची, अर्धी शिल्लक असली तरी.

---

हौशी_रंगकर्मी (धागाकर्ता)

पहिल्या अंकात ब्लॅकआउट चार आहेत. कॅनॉनला पहिला आणि तिसरा, सोनीला दुसरा आणि चौथा. पण दुसरा आणि तिसरा यांच्यात बत्तीस मिनिटांचा सलग प्रवेश आहे.

---

एफ_दोन_आठ

मग त्या प्रवेशात जिथे दोन्ही पात्रं स्थिर बसून बोलतात अशी जागा शोधा आणि तिथे सोनीने बंद-चालू करावं. तेवढे सेकंद जीएच५ चा पूर्ण शॉट आणि कॅनॉनचा तिरका शॉट पुरतो. कॅनॉनचंही तसंच, पण किमान पाच मिनिटं अलीकडे किंवा पलीकडे, आणि दोन्ही वाक्यं शीटवर लिहून ठेवा.